लेहचं लेट्यूस आणि लडाखचं सोनखत

लेहला विमानानं येणाऱ्या प्रवाशाला पहिले दोन दिवस फारसं काही करता येत नाही. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर. हवा विरळ, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. त्यामुळे डॉक्टर, हॉटेलवाले, टॅक्सीवाले सगळे एकच सल्ला देतात : पडून राहा, भरपूर पाणी प्या, उगाच धावपळ करू नका. मग बागेतल्या खुर्चीत बसून समोरचे डोंगर बघायचे आणि जेवणाची वाट पाहायची, एवढाच उद्योग उरतो.

जेवण येतं. लसणीचं गरम सूप, वरण-भात, बटाट्याची भाजी. शेजारी बशीत गाजर, मुळा, काकडी आणि त्याखाली अंथरलेली लेट्यूसची हिरवीगार, कुरकुरीत पानं. प्रवासी ती पानं खातो आणि मान वर करून पुन्हा डोंगरांकडे बघतो. डोंगरावर गवताचं पातंही नाही. सगळीकडे दगड, वाळू आणि करड्या-पिवळ्या मातीचे ढीग.

लडाखला शीत वाळवंट म्हणतात ते उगाच नाही. लेहमध्ये वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडतं. मुंबईत जुलैमधल्या एखाद्या दिवसात याहून जास्त कोसळतं. हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो. अशा ठिकाणी इतकं नाजूक पान आलं कुठून? काही माल खालून, सपाटीवरून येतो हे खरं. पण उन्हाळ्यात बशीतलं पान बऱ्याचदा लेहच्या आसपासच्याच शेतातलं असतं. त्या पानाचा माग काढत गेलं, की लडाखची माती, तिथली घरं, इतकंच काय, तिथले संडाससुद्धा बघावे लागतात. नाक मुरडण्यासारखं त्यात काही नाही. लडाखी शेतीचं अर्धं शहाणपण तिथेच आहे.

आमा-लेंची भाजी

दोन दिवसांनी अंगात त्राण आलं की प्रवासी पहिल्यांदा मेन बाजारात जातो. रस्त्याच्या कडेला आसपासच्या खेड्यांतल्या बायका ओळीनं भाजी मांडून बसलेल्या असतात. लडाखात कुणालाही भेटलं की 'जुले' म्हणायचं आणि वडीलधाऱ्या बाईला 'आमा-ले' अशी हाक मारायची. आमा म्हणजे आई आणि 'ले' हा आदरार्थी प्रत्यय, आपल्या 'आईसाहेबां'मधल्या 'साहेबां'सारखा. या आमा-लेंपुढे सलगम, मुळा, गाजर, वाटाणा, पालक, पुदिना असतो. ऑगस्टात जर्दाळू येतात आणि उन्हाळाभर लेट्यूसचे गड्डे व मोकळी पानं असतात.

पण यातल्या बऱ्याच भाज्या लडाखात तशा नव्याच. जुन्या लडाखी ताटात भाजलेल्या जवाचं पीठ, लोणी घातलेला खारा चहा, दही, सुकं चीज, सुकवलेला जर्दाळू आणि भाजी म्हणाल तर सलगम, मुळा आणि रानातला पाला. जवाचं हे पीठ म्हणजे आपल्याकडच्या सातूच्या पिठाचा थोरला भाऊच. चहात कालवायचं, गोळा करायचा आणि खायचा.

मोराव्हियन पंथाच्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी १८८५ साली लेहमध्ये ठाणं मांडलं. शाळा आणि दवाखान्याबरोबर परदेशी भाज्यांची बियाणी रुजवण्याचं श्रेयही या मिशनऱ्यांना दिलं जातं. पुढे १९६२ सालचं चीन युद्ध झालं आणि लडाखात सैन्याची मोठी वस्ती आली. इतक्या जवानांना ताजी भाजी खालून पुरवायची तर घाटातले रस्ते हिवाळ्यात बंद आणि विमानाचा खर्च डोळे पांढरे करणारा. म्हणून त्याच सुमारास लेहमध्ये लष्करी संशोधनाचं एक छोटं केंद्र सुरू झालं. आज ते 'डिहार' या नावानं ओळखलं जातं आणि संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या छत्राखाली चालतं. इथे काय पिकेल, कधी पेरायचं, थंडीत काय करायचं, याचे प्रयोग तिथे झाले आणि शेतकऱ्यांपर्यंत पोचले.

तिसरा पाहुणा म्हणजे पर्यटक. १९७४ साली लडाख परदेशी प्रवाशांसाठी खुलं झालं. त्या वर्षी पाचशेच्या आसपास माणसं आली. २०२२ साली हा आकडा पाच लाखांच्या वर गेला. सैन्याला पालक, कोबी, बटाटा हवा होता. पर्यटकाला सॅलड हवं होतं. आमा-लेंच्या शेतात लेट्यूसची वाफं तयार झाली ती अशी.

उथळ मुळाचं पीक

लेट्यूस हे तसं लाडावलेलं पीक. थंड हवा त्याला मानवते, म्हणून लडाखचा मे ते सप्टेंबरचा उन्हाळा त्याच्या अगदी सोयीचा. सपाटीवर मार्च उजाडला की लेट्यूस उंच दांडा काढतं आणि कडू होतं. लेहमध्ये जुलैतही ते गोड आणि कुरकुरीत राहतं. पण हवेचं जमलं तरी मातीचं जमायला हवं, आणि तिथेच खरी मेहनत आहे.

पहिली अडचण मुळांची. लेट्यूसची अन्न घेणारी बहुतेक मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात. मका किंवा तूर यांसारखं खोल जाऊन पाणी आणि अन्न शोधायची ताकद त्यांच्यात नाही. जे काही द्यायचं ते त्या वरच्या थरात आणि वेळच्या वेळी द्यावं लागतं. लेहची माती मात्र वाळूमिश्रित, गोटाळ. पाणी तिच्यातून झरकन खाली उतरतं आणि विरघळलेलं नत्रही सोबत घेऊन जातं. झाडझाडोरा कमी, त्यामुळे पालापाचोळा कुजून बनणारा काळा सेंद्रिय अंशही कमी.

दुसरी अडचण मातीच्या स्वभावाची. इथली माती बहुतांशी विम्लधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट बाजूची. अशा मातीत लोह आणि जस्त असतं, पण मुळांना ते घेता येत नाही. घरात धान्य आहे पण कोठीला कुलूप आहे, तशी गत. लोह कमी पडलं की आधी कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नत्र कमी पडलं तर उलट होतं, खालची जुनी पानं आधी पिवळी होतात. शेतकऱ्याला हा फरक ओळखता आला, तर चुकीच्या खतावर पैसा जात नाही. आणि या कुलपाची किल्ली बऱ्याच अंशी चांगल्या कुजलेल्या खतातच आहे. सेंद्रिय अंश वाढला की मुळांभोवतीची माती सुधारते आणि अडकलेलं लोह-जस्त थोडं थोडं सुटू लागतं. अगदीच गरज पडली तर लोहाची फवारणी करतात.

तिसरी अडचण थंडीची. ती बाहेरच्या माणसाच्या सहज लक्षात येत नाही. मे महिन्यात सकाळी दहाला ऊन चटका लावतं, पानं गरम होतात, त्यांतून पाणी उडू लागतं. खाली माती मात्र रात्रीच्या थंडीनं अजून गारठलेली असते. गारठलेलं मूळ पाणी खेचू शकत नाही. माती ओली असूनही रोप मान टाकतं. नवखा माणूस घाईनं आणखी पाणी घालतो, तेही हिमनदीतून आलेलं बर्फासारखं. मुळं आणखी गारठतात. जाणकार बाई अशा वेळी थांबते आणि ऊन मातीत मुरल्यावर, साठवून थोडं कोमट झालेलं पाणी देते.

स्फुरदाचंही असंच आहे. मुळं वाढवणारं हे अन्न मातीत फारसं हलत नाही, मुळालाच त्याच्यापर्यंत पोचावं लागतं. थंड मातीत मूळ सरकत नाही, म्हणून रोप खुरटतं आणि पानांवर जांभळट छटा येते. मातीत स्फुरद असतं, पण हात पोचत नाही. अशा वेळी वाफाभर खत फेकून उपयोग होत नाही. रोप लावतानाच मुळाशेजारी मूठभर कुजलेलं खत घातलं, तर कोवळ्या मुळाला पहिला घास जवळ मिळतो.

आणि नत्र कधी? लेट्यूसची सगळी भूक शेवटच्या काही आठवड्यांत असते. रोप लहान असताना त्याला फार थोडं लागतं. पानं भराभर वाढू लागली की ते अधाशासारखं खातं. सुरुवातीलाच सगळं खत देऊन टाकलं, तर मुळं ते घेण्याएवढी झालेलीच नसतात आणि वाळूतून ते वाहून जातं. म्हणून थोडं थोडं, दोन-तीन हप्त्यांत दिलेलं बरं.

माजघराएवढी हिरवी खोली

हिवाळ्यात लेहला जाणारे प्रवासी थोडे. पण जे जातात, त्यांनी एखाद्या खेड्यातलं हरितगृह जरूर पाहावं. आपल्या डोळ्यांसमोर येणारं हरितगृह म्हणजे चारी बाजूंनी प्लॅस्टिकचा बोगदा. लडाखी हरितगृह तसं नसतं. ते पूर्व-पश्चिम लांब असतं. उत्तरेकडे, पूर्वेला आणि पश्चिमेला मातीच्या विटांच्या जाड भिंती. भिंती दुहेरी असतात आणि मधल्या पोकळीत पेंढा किंवा लाकडाचा भुसा ठासलेला असतो. फक्त दक्षिणेची बाजू पारदर्शक प्लॅस्टिकची. दिवसभर दक्षिणेचं ऊन आत येतं, भिंती आणि माती तापतात आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडतात. संध्याकाळी प्लॅस्टिकवर पडदा ओढायचा, बस्स. सरपण नाही, वीज नाही. या पद्धतीच्या प्रसारासाठी गेरेस या संस्थेच्या भारतातल्या कामाला २००९ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला होता.

त्याहून स्वस्त प्रकार म्हणजे खंदक. जमिनीत दोन-तीन फूट खोल चर खणायचा, तळाशी खत-माती घालून बी टाकायचं आणि वर प्लॅस्टिक अंथरायचं. जमिनीच्या पोटातली ऊब मुळांना मिळते. बाहेर बर्फ पडलेला असतो आणि खंदकात पालक-लेट्यूस तग धरून असतं. लेहपासून अठरा-वीस किलोमीटरवर फे गावाजवळ, १९८८ साली सुरू झालेल्या सेकमॉल या संस्थेच्या आवारात तर राहत्या इमारतींनाच हरितगृहं जोडलेली आहेत. खोलीही उबदार आणि भाजीही ताजी.

मात्र बंद जागेचे स्वतःचे त्रास असतात. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात, तो कॅल्शियमच्या तुटवड्याचा रोग. आता लडाखच्या मातीत कॅल्शियमला तोटा नाही. मग तुटवडा का? कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर चढतं आणि पानांतून पाणी उडालं तरच पाणी चढतं. बंद, दमट हरितगृहात पाणी उडत नाही आणि आतल्या पानापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. यावरचा उपाय खताच्या पोत्यात नाही. दुपारी दोन तास झडप उघडायची, हवा खेळू द्यायची.

शिवाय हरितगृहात पाऊस पडत नाही. खतांतले क्षार धुऊन निघत नाहीत, वर साचून पांढरे डाग धरतात आणि मुळांना झोंबतात. फार नत्र दिलं तर आणखी एक भानगड. थंडीत कोवळ्या उन्हात पान ते नत्र पूर्ण पचवू शकत नाही आणि नायट्रेटच्या रूपात साठवून ठेवतं. युरोपीय संघानं तर लेट्यूसमध्ये किती नायट्रेट चालेल याची कायद्यानंच मर्यादा घातली आहे. म्हणजे खत जास्त झालं की मुळांनाही त्रास आणि खाणाऱ्यालाही.

मग अशा पिकाला, अशा मातीत, कोणतं खत द्यावं? लडाख्यांच्या घरात त्याचं उत्तर शेकडो वर्षांपासून तयार होत होतं.

घराच्या पोटातलं खत

जुनं लडाखी घर दोन मजली. खाली गुरं, वर माणसं. गुरांचं शेण मात्र सगळंच शेताला मिळत नाही, कारण झाडं कमी आणि थंडी फार. शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात. मग शेताला द्यायचं काय?

वरच्या मजल्यावर एक छोटी खोली असते. जमीन मातीची, तिच्या मधोमध एक चौकोनी भोक. कोपऱ्यात मातीचा ढीग आणि एक फावडं. पाणी नाही, फ्लश नाही. विधी उरकला की फावडंभर माती, राख किंवा गुरांखालचं कोरडं खत भोकातून खाली लोटायचं. खालच्या बंद कोठडीत सगळं साठत राहतं. हवा इतकी कोरडी की वास जवळजवळ येतच नाही. वसंतात कोठडीचं दार उघडतात आणि तपकिरी, भुसभुशीत खत शेतात नेतात. शेतातली माती घरात येते आणि खत होऊन शेतात परत जाते.

मराठी माणसाला हे अगदीच परकं नाही. आपल्या भाषेत याला सोनखत असं सुंदर नाव आहे. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून सोनखताचा आणि त्यासाठी सोप्या संडासांचा हिरीरीनं प्रचार केला. पण आपल्याकडे या कामावर जातीचा काळा डाग होता. मैला वाहण्याचं काम एका समाजाच्या माथी मारलेलं होतं, आणि अप्पासाहेबांची खरी लढाई त्याविरुद्ध होती. लडाखच्या खेड्यात हा साठा घरचीच माणसं बाहेर काढतात आणि आपल्याच शेतात नेतात. खताचा मान राखायचा तर तो असा.

जव भाजतात, लेट्यूस कच्चं खातात

इथे मात्र एक महत्त्वाची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हे खत पिढ्यान् पिढ्या पडलं ते मुख्यतः जवाच्या शेतात. जवाचं कणीस जमिनीपासून वर असतं. दाणा झोडपतात, धुतात, वाळूत भाजतात, दळतात. खतातून आलेला एखादा रोगजंतू इतक्या वाटेनं पोटात पोचणं कठीण. लेट्यूसचं पान मात्र मातीला टेकून वाढतं आणि आपण ते कच्चंच खातो. जुनं खत तेच, पण पीक बदललं की नियमही बदलावे लागतात.

त्यात लडाखची थंडी दुधारी. ती वास येऊ देत नाही, पण जंतूंना आणि जंतांच्या अंड्यांना मरूही देत नाही. गोल जंताची अंडी तर फारच चिवट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की २ ते २० अंश तापमानाच्या प्रदेशात असा साठा दीड ते दोन वर्षं तसाच ठेवला पाहिजे, तेव्हाच तो शेतात वापरण्याजोगा होतो. २० अंशांच्या वरच्या प्रदेशात वर्षभर पुरतं. लेहमध्ये वर्षाचा मोठा भाग कडाक्याच्या थंडीतच जातो. दर वसंतात कोठडी रिकामी करायची म्हटली, तर त्यात मागच्याच महिन्याचा भागही असणार.

उपाय कठीण नाही. एकाऐवजी दोन कोठड्या ठेवायच्या. एक वापरात असताना दुसरी बंद ठेवायची. किंवा बाहेर काढलेला ढीग झाकून आणखी दोन उन्हाळे मुरू द्यायचा. आणि तरीही सोनखत जवाला, गव्हाला, झाडांना द्यायचं. लेट्यूस, मुळा, गाजर यांच्या वाफ्यात पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा मेंढ्यांच्या लेंड्यांचं मुरलेलं खत घालायचं. कच्चं शेणखतही या वाफ्यात नकोच. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमानुसार, मातीला टेकणाऱ्या पिकात कच्चं शेणखत घातल्यापासून तोडणीपर्यंत किमान १२० दिवस जावे लागतात. लेट्यूस तर लावल्यापासून दोन महिन्यांत तयार होतं, म्हणजे हिशेब बसतच नाही. शिवाय कच्चं खत कुजताना गरम होतं, त्यातून अमोनिया सुटतो आणि कोवळी मुळं त्यानं जळतात. खाणाऱ्याच्या पोटाला जे वाईट, तेच मुळांनाही वाईट.

फ्लश आला, खत गेलं

पर्यटक वाढले तशी हॉटेलं वाढली, आणि हॉटेल म्हटलं की खोलीला जोडून न्हाणीघर आणि फ्लशचा संडास आलाच. २०११ च्या जनगणनेत लेह शहराची वस्ती तीस हजारांच्या आसपास होती. उन्हाळ्यात पाहुणे येतात आणि गाव फुगतं. पूर्वी माणशी दोन बादल्यांत दिवस निघायचा, तिथे आता एकेक फ्लश पाच-दहा लिटर पाणी ओढतो. हे पाणी बोअरवेलमधून उपसलेलं. पावसाचा भरवसा नसलेल्या गावात भूजल म्हणजे हिमनदीनं दिलेली ठेव.

ते पाणी मैल्याबरोबर जातं कुठे? गटारांचं जाळं गावभर पोचलेलं नाही, अनेक ठिकाणी शोषखड्डा हाच मार्ग. वाळूची सच्छिद्र जमीन, एका अंगणात बोअरवेल आणि शेजारच्या अंगणात शोषखड्डा. जे नत्र शेतातल्या मुळांना मिळायचं, ते नायट्रेट होऊन पिण्याच्या पाण्याकडे निघालेलं.

म्हणजे बघा, पर्यटकाला सॅलड हवं म्हणून आमा-लेनं लेट्यूस लावलं. लेट्यूसला खत हवं. आणि त्याच पर्यटकासाठी बांधलेल्या संडासानं शेतीच्या खताचा जुना झरा आटवला. शेतात मुलं उतरत नाहीत, ती शिकायला जम्मू-चंडीगढला असतात, नाहीतर टॅक्सी चालवतात. गुरं कमी झाली, शेण कमी झालं. मग तूट भरून काढायला युरिया आणि डीएपीची पोती घाट चढून येतात.

युरियानं पान वाढतं, यात शंका नाही. नत्राची भूक तो पटकन भागवतो. पण वाळूच्या मातीत तो टिकत नाही आणि मातीला सेंद्रिय अंश देत नाही. लोह-जस्ताचं कुलूप तसंच राहतं, माती भुसभुशीत होत नाही. मूळ उथळचं उथळ आणि दर हप्त्याला पोत्याकडे डोळे लावून बसलेलं. थोडा युरिया हाताशी असावा, पण घराचा पाया शेणखत-सोनखताचाच हवा, असं मानणारे शेतकरी लडाखात आजही आहेत. अडचण त्यांच्या इच्छेची नाही. खत बनवणारं घरच बदललं आहे.

उंबरठ्याच्या आतली मदत

या गोष्टीत प्रवाशालाही थोडं काम आहे. लेहच्या आसपासच्या शे, ठिकसे, स्तोक, फ्यांग, साबू या गावांत आणि पुढे शाम भागात घरगुती मुक्कामाची सोय होते. तिथे बऱ्याच घरांत कोरडा संडास अजून चालू आहे. काही मंडळी तो बघून आधी दचकतात. दचकू नका. पाण्याचा वापर आत कमीत कमी, कागद-प्लॅस्टिक-सॅनिटरी पॅड अजिबात नाही, ते वेगळं बांधून घरमालकिणीला विचारून टाकायचं. काही लागलंच तर 'आमा-ले' म्हणून हाक मारायची, त्या हसतहसत सांगतात.

जायचं तर जून ते सप्टेंबर उत्तम. शेतं हिरवी असतात आणि पाण्याच्या पाळ्या ठरवणारा छुरपोन पाटावर फिरताना दिसतो. बाजारातून सॅलडची पानं घेतलीत तर पिण्याच्या स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा धुऊन मगच खा. इथल्याच काय, कुठल्याही गावच्या पानांना हा नियम लागू आहे.

आणि घरी परतल्यावर बाल्कनीत लेट्यूस लावायची हौस आली, तर लेहच्या शेतातले धडे पुणे-नाशिकच्या कुंडीतही चालतात. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. कुंडी वीतभर खोल पुरे, पण रुंद हवी आणि तळाला भोक हवंच. मातीत तिसरा हिस्सा पूर्ण मुरलेलं खत किंवा गांडूळखत. रोप लहान असताना जादा खत नको, पानं भराभर वाढू लागली की दर पंधरा दिवसांनी मूठभर. एखादं रोप उपटून मूळ बघावं. पांढरं, लुसलुशीत असेल तर सगळं ठीक. तपकिरी आणि बुळबुळीत असेल तर पाणी जास्त झालं, खताचा दोष नाही. पानाच्या कडा करपल्या तर कुंडी वाऱ्याला ठेवा. खालची पानं पिवळी तर नत्र कमी, वरची कोवळी पिवळी आणि शिरा हिरव्या तर लोह अडकलेलं.

लडाखात मुक्कामाच्या घरातून निघताना पाहुणे आमा-लेला चहा-नाश्त्याबद्दल, घोंगड्यांबद्दल, खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरांबद्दल धन्यवाद देतात. वरच्या मजल्यावरच्या त्या छोट्या खोलीत न विसरता फावडंभर माती लोटलीत, तर त्यांचे आभार आणखी चांगले मानले गेले असं समजा. दोन वर्षं मुरून ते खत एखाद्या जवाच्या शेतात जाईल, तिथलं शेणखत लेट्यूसच्या वाफ्यासाठी वाचेल आणि घाट चढून येणारं युरियाचं एखादं पोतं तरी कमी होईल.